एवाल्डच्या व्हॉल्व्होचे फोटो

३ जून, रविवार
नवा कॅमेरा आला. आजपासून रोज फोटोग्राफी. विषय : जुन्या गाड्या. शेजारचा एवाल्ड पुढच्या रविवारी त्याची चौसष्टची व्हॉल्व्हो विकतोय. चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलंय. म्हणाला, भिंतीवर लावायला एक बरा फोटो काढून दे. म्हटलं, एक कशाला? प्रदर्शन भरवतो!

५ जून
काल तळ्याकाठच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात एवाल्डच्या गाडीचे अप्रतिम फोटो. आज फोटोग्राफी क्लबात दाखवले. सोल्वेगबाई (निवृत्त चित्रकला शिक्षिका) म्हणाल्या, अरे, टपावर दिव्याचा खांब उगवलाय, मागे सॉसेजवाला, गाडीच्या दारात तुझंच पोट चकाकतंय. यात गाडी कुठाय? सगळे हसले.
मत्सर. दुसरं काय.

६ जून, पहाटे
झोप नाही. इथल्या उन्हाळ्यातल्या रात्रभरच्या उजेडामुळे. टीकेमुळे नव्हे.

७ जून
टीकेतून शिकतो तोच मोठा होतो. फ्रेम स्वच्छ हवी! गाडी चर्चमागच्या मोकळ्या मैदानात नेली. चालवली माझ्या बायकोने, गुन्वोरने. एवाल्ड शेजारी बसून गिअर, गिअर म्हणून ओरडत होता. तिथे सारखा बॉनेटवर हात ठेवून उभा राहायचा. दर वेळी बाजूला केला. गुन्वोर म्हणाली, अरे, असू दे ना त्याला! तिला कॉम्पोझिशन कळत नाही.

१० जून, रविवार
गाडी गेली. एवाल्ड बराच वेळ फाटकाशी उभा होता. जाणार होतो, पण फोटोंचे रंग दुरुस्त करत होतो.

१२ जून
क्लब. सोल्वेगबाई म्हणाल्या, स्वच्छ आहेत हो, विम्याच्या कागदांना जोडतात तसे. पण ही गाडी चालवतं कोण? माणूस कुठाय?
आधी म्हणे गर्दी, आता म्हणे माणूस नाही! राजीनामा देणार. उद्या.
संध्याकाळी फोटो एवाल्डला दिले. चष्मा लावून एकेक पाहिला. छान आहेत म्हणाला. मग म्हणाला, मला वाटलं, एखाद्यात मी असेन.
जेवण गेलं नाही. मासा खारट होता. गुन्वोर म्हणते, नव्हता.

१३ जून, दुपारी
राजीनामा राहिला. एवाल्डकडे गेलो. म्हटलं, गॅरेजमध्ये उभा राहा, तुझा फोटो काढतो. स्वच्छ शर्ट घालून आला आणि भिंतीला चिकटून उभा राहिला. म्हटलं, अरे, मधोमध ये की. म्हणाला, मध्ये कसा येऊ, तिथे गाडी असते. आणि हात पुढे केला, बॉनेटच्या उंचीवर, हवेतच ठेवला.
काढला.
घरी पाहिला. हलला आहे. स्टँड नेलं नव्हतं, म्हणून.
परत गेलो. म्हटलं, एवाल्ड, आणखी एकदा उभा राहतोस का? म्हणाला, नको रे, शर्ट बदलला. कॉफी टाकलीय, बस.
बसलो.