पिवळी पट्टी

ता. ३ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं आहे, आणि हो, केस विंचरते आहे. तुझे तीन नेहमीचे प्रश्न संपले, आता पुढचं.

फोन केला तर तू अर्ध्या वाक्यावर "काय? काय गं?" करतेस. मग मी ओरडते आणि वसतिगृहाच्या अख्ख्या मजल्याला आपल्या घरच्या बातम्या कळतात. म्हणून पत्र. शिवाय तुला पत्र आवडतं. डब्यात जपून ठेवतेस, मला माहीत आहे.

अभिलेखागारातलं काम सोमवारपासून सुरू झालं. "इतिहास शिकून पुढे काय, जुनी भांडी घासणार?" असं तू विचारायचीस ना? भांडी नाहीत, पण झटकणं-पुसणं भरपूर आहे. जुन्या कागदांची खोकी उघडायची, गंजलेल्या टाचण्या काढायच्या, प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने क्रमांक टाकायचा. शाईचं पेन आत न्यायला बंदी. आमच्या प्रमुख बाई दारातच खिसे उलटे करायला लावतात.

त्यांना सगळे मागून 'पट्टीबाई' म्हणतात. खोक्यातून एक जरी कागद बाहेर काढला, तरी त्याच्या जागी पिवळ्या पुठ्ठ्याची पट्टी उभी करायची, असा त्यांचा कडक नियम आहे. पट्टीवर लिहायचं: काय काढलं, कोणी, कधी, का. कागद परत येईपर्यंत पट्टी हलवायची नाही. पहिल्याच दिवशी मी एक हजेरीपत्रक उजेडात बघायला खिडकीशी नेलं. दोन पावलं गेले असेन, तोच मागून आवाज:

"पट्टी?"

"बाई, मी इथेच तर आहे!"

"तू आहेस गं. कागद कुठे गेला, हे खोक्याला कोण सांगणार?"

मला हसू आलं. मग नंतर आलं नाही.

कॉलेजात आमच्या इतिहास विभागाचा फलक सध्या नुसता भरून वाहतो आहे. दर बुधवारी जुन्या पाणटाक्या आणि बंद गिरण्या बघायला पायी फेरी. विद्यार्थ्यांच्या मासिकाला लेख हवेत. संग्रहालयाला माहिती सांगणारी मुलं हवीत. सुट्टीत काही जण उत्खननाला निघालेत, त्यांनी टोप्यासुद्धा घेऊन ठेवल्या. मी कशातच नाव दिलेलं नाही. विभागाच्या मॅडमनी परवा थांबवून विचारलं, "काय गं, प्रदर्शनाआधी सगळीकडे पुढे असायचीस. आता काय झालं?" मी म्हटलं, अभ्यास आहे.

तुझं आभाराचं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. त्याला नीट उत्तर लिहीन. आज घाईत आहे.

तुझ्या मैत्रिणीला नमस्कार सांग.

तुझी लाडकी
भिंगरी


ता. १२ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. केस विंचरतेस हे वाचून गल्लीत दवंडी पिटवावी म्हणते.

माझ्या पत्राला नीट उत्तर लिहीन म्हणालीस आणि पुन्हा गप्प. त्यात नीट लिहायचं आहे काय? मी आभार मानले, तू 'बरं' म्हण, विषय संपला. पण तू म्हणत नाहीस, म्हणून मी परत एकदा मानते.

प्रदर्शनाच्या दिवशी तुमचं ते कानावर लावायचं यंत्र माझ्या मैत्रिणीने चढवलं, माझं बोललेलं ऐकायला खुर्चीत बसली, आणि मी खांबाला धरून उभी. तुझ्या मॅडम म्हणाल्या, "तुम्हीपण ऐका की." तू लगेच म्हणालीस, "राहू द्या, तिला आवडत नाही." बरोबर ओळखतेस हो मला. स्वतःचा आवाज ऐकला की आई ओरडते आहे असंच वाटतं, आणि एक कान तर मशिनीने कधीच खाल्लाय.

मी आपली तिच्या तोंडाकडे बघत होते. म्हटलं, आत्ता ते येईल. आत्ता उठेल आणि सगळ्यांसमोर एक ठेवून देईल. दिली असती तरी चाललं असतं. पण तिने डोळे पुसले, यंत्र नीट हुकला अडकवलं, माझा हात धरला आणि म्हणाली, "चल, चहा पाज." एवढंच! अठ्ठावीस वर्षं मी जे गिळून बसले होते, ते तिने एका कपात संपवलं. तिच्या जागी मी अशी वागले असते का? नसते.

आता दर गुरुवारी येते. तो विषय ती काढत नाही, मीही काढत नाही. मिळालेलं उलटंपालटं करून बघू नये. गेल्या गुरुवारी माझी खुर्ची डुगडुगत होती. तर ही खाली बसली आणि पायाखाली कागदाची घडी सारून दिली. तिची पांढरी वेणी बघून मला रडूच आलं. म्हटलं, "कांदा चिरला गं आत्ता." तर म्हणते, "कांदा स्वयंपाकघरात, तू इथे. फार लांबून झोंबतो गं तुला!"

तुझ्या शिक्षणावर मी हसायचे. आता हसत नाही. जे मला तोंडाने जमलं नाही ते तुझ्या त्या डबीने केलं. दादालाही सांगितलं, पोरगी योग्य तेच शिकते आहे.

सुट्टीत ये. बारीक झाली असशील.

तुझी
आत्या


ता. २१ मार्च, गुरुवार

आत्या,

हे पत्र बसून वाच. एकटी असशील तेव्हा वाच.

तिने ते ऐकलेलं नाही.

हे एक वाक्य लिहायला मला दीड महिना लागला. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी कागद पुढे ओढला आणि पट्टीबाईंच्या गमती लिहून तुला पाठवल्या. आज दुपारी तू आणि ती चहा घेत बसला असाल. मी खोलीत बसून ही ओळ चार कागदांवर लिहिली, हा पाचवा.

तू माझ्यापुढे बोललीस तो दिवस आठव. तुझं स्वयंपाकघर, आवाज येऊ नये म्हणून बंद केलेला पंखा, साखरेच्या डब्याला टेकवलेला माझा रेकॉर्डर. तासभर तू मला हसवलंस. सुई बोटातून आरपार गेली तेव्हा रक्तापेक्षा कॉलर खराब होईल म्हणून कशी घाबरलीस, ते. मग पदराने तोंड पुसलंस आणि बोलायला लागलीस. तुझे शब्द मी उतरवून घेतले आहेत, ते तसेच देते:

"आम्ही अकरा जणींनी दुपारी मशिनी बंद ठेवायच्या ठरवल्या होत्या. आदल्या दिवशी सुपरवायझरने मला बोलावलं. म्हणाला, यामागे डोकं कोणाचं? मी तिचं नाव सांगितलं. त्याने मारलं नाही, धमकावलं नाही. विचारलं आणि मी सांगितलं. सकाळी तिला फाटकावरूनच परत पाठवलं. महिन्याने मला तपासनीस केलं. शिवणारीला स्टूल असतं, तपासनिसाला पाठ असलेली खुर्ची. मला ती खुर्ची हवी होती गं. घरी सांगितलं, बंद मीच घडवला, म्हणून मला मान मिळाला."

मी विचारलं, रेकॉर्डर बंद करू का? तू म्हणालीस, "चालू ठेव. यासाठीच तर बसले. तुझ्या त्या प्रदर्शनात तिला बोलाव आणि ऐकू दे. तोंडावर सांगायची माझी छाती नाही." मी हो म्हटलं. तोही आवाज त्यात आहे. माझा 'हो' अगदी स्पष्ट ऐकू येतो.

प्रदर्शनात प्रत्येकाला बारा मिनिटं होती. तुझं बोलणं बहात्तर मिनिटांचं. कापायला तर लागणारच होतं, आणि कापताना मी हे सगळं काढलं. चार मिनिटं चाळीस सेकंद. कोणी विचारलंच तर वेळेच्या मर्यादेवर ढकलायचं ठरवलं होतं. कोणी विचारलं नाही.

का काढलं? पहिल्याच वर्षी, ओळख करून देताना, मी वर्गात उभी राहून सांगितलं होतं की माझ्या आत्याने कारखाना बंद पाडला होता. घरात तेच ऐकत आले होते. मुलींना ते फार आवडलं. पुढे कोणी गिरणी-कारखान्यांवर निबंध वाचला की सगळे माझ्याकडे बघायचे. तुझ्या स्वयंपाकघरातून बाहेर पडले तेव्हा तुझा विचार माझ्या मनात आधी आला असता तर बरं झालं असतं. आधी आला तो वर्गाचा. त्यातून ज्याचं काम सगळ्यात चांगलं त्याला अभिलेखागारात सहा महिने काम, हे फलकावर लागलेलं होतंच. बाहेर आल्यावर जिन्यातच मी ठरवलं होतं. आत्याची लाज झाकायला हवी, असं स्वतःला सांगितलं. तू तर ती उघडी करून माझ्या हातात दिली होतीस. मी झाकली ती माझी.

तुझ्या मैत्रिणीने जे ऐकलं त्यात सुई होती, तिने तुला मशिनीत दोरा ओवायला कसा शिकवला ते होतं, एका छत्रीत दोघींचे एकेक खांदे भिजायचे ते होतं. "ती शेजारच्या मशिनीवर नसती तर मी आठवड्यात पळून गेले असते" हे तुझं वाक्य मी शेवटी ठेवलं होतं, कारण तिथे लोक रडतील हे मला कळत होतं. ती रडली. आणि मग तुला म्हणाली, चल, चहा पाज.

तुम्ही दोघी हात धरून पायऱ्या उतरलात. मी वरून बघत होते. तुझी पाठ मी इतकी सैल कधी बघितली नव्हती. तेव्हाच धावत खाली यायला हवं होतं. त्याच संध्याकाळी माझं नाव जाहीर झालं. मॅडम म्हणाल्या, "फार प्रामाणिक ध्वनिमुद्रण." मी मान खाली घातली, तर त्यांना तो विनय वाटला.

नंतर तुझं पहिलं पत्र आलं. मला वाटलं, असू दे. दोघी सुखात आहेत, कोणाचं काय बिघडलं? पण शनिवारी तुझं दुसरं पत्र आलं, आणि त्यात ती तुझ्या खुर्चीच्या पायाशी बसली होती. आत्या, त्यानंतर मला खुर्चीत बसवेना. ज्या माफीसाठी तू तिच्यापुढे रडतेस, ती तिने दिलेलीच नाही. ती मी दिली, तिला न विचारता. माझ्या हातात ती कधीच नव्हती.

काल अभिलेखागारात प्रदर्शनाच्या ध्वनिमुद्रणांचं खोकं नोंदीला आलं. पट्टीबाई मजकूर सांगत होत्या, मी लिहीत होते. माझी पाळी आली. "मूळ किती?" बहात्तर मिनिटं. "दाखवलेलं?" बारा. "काढलेल्यात काय?" माझी पेन्सिल थांबली. मग मी त्यांना सगळं सांगितलं, खोक्यांच्या मधल्या त्या अरुंद जागेत, उभ्याने. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. म्हणाल्या, "काढायला आपल्याकडे बंदी नाही. सगळेच काढतात. पण तू नुसतं काढलं नाहीस, दोन्ही कडा जुळवून टाकल्यास. तिथे काही होतं, हे आता कोणाला कळणार?" मग त्यांनी पिवळी पट्टी पुढे केली. "लिही. आणि आधी जिचा आवाज आहे, तिला कळव."

मॅडमना उद्या सांगणार आहे. हे काम राहील की जाईल, ठाऊक नाही. गेलं तर जाऊ दे.

पत्र उद्या सकाळी टाकते, म्हणजे पुढच्या गुरुवारच्या आत तुला दोन-तीन दिवस मिळतील. तिला सांगायचं की नाही, कधी, कसं, हे मी सुचवणार नाही. तुझ्या वतीने ठरवायला गेले तिथेच सगळं चुकलं. पूर्ण ध्वनिमुद्रण जपून ठेवलं आहे. तू म्हणालीस तर घेऊन येईन आणि तुम्ही ऐकत असताना बाहेर पायरीवर बसेन. येऊ नकोस म्हणालीस तर येणार नाही. तुझ्या छातीवरून उतरलेला दगड मी परत ठेवते आहे, तेही तुझी खुर्ची नुकतीच डुगडुगायची थांबली असताना. याची माफी मागायची मला लाज वाटते, म्हणून मागत नाही.

पट्टीवर जे लिहिलं, ते तुझ्यासाठी खाली उतरवते. खोक्यात ती आता उभी आहे.

काय काढलं: चार मिनिटं चाळीस सेकंद. बोलणारीला मैत्रिणीच्या कानावर घालायचं होतं, ते हेच.
कधी: प्रदर्शनाच्या आधी.
का: काढणारीला लाज वाटली.
कोणी:

बोलणारीची भाची