दाराआडची कुऱ्हाड

मु. पहूर, ७ जून १९८९

प्रिय बन्सीलाल यास जीवरामचा रामराम.

तुझा गुडघा, वहिनींचा दमा आणि तुझी अँबॅसिडर, तिघांची खुशाली कळव. (खरी काळजी तू तिसरीचीच घेतोस, हे अख्ख्या धुळ्याला ठाऊक आहे.) इकडे मी ठीक. ही गेल्यापासून ठीक म्हणायची सवय लागली आहे.

परवा संध्याकाळी वादळ झालं. केळी आडवी झाली आणि घरासमोरचा निंब रस्त्यावर पडला. थोड्या वेळाने वऱ्हाडाची एक जीप भरधाव आली आणि थेट त्याच्या फांद्यांत शिरून थांबली. कोणाला लागलं नाही. नवरानवरी धरून नऊ माणसं, दोंडाईच्याला परत निघालेली. ड्रायव्हरने कुऱ्हाड मागितली. मी म्हणालो, शेजाऱ्याने नेली. (ती दाराआड होती आणि मी दारात उभा होतो.) मग त्याला वादळानंतर गाडी कशी चालवावी यावर बराच वेळ उपदेश केला. पडलेल्या तारेला शिवू नये, पाण्याखालचा रस्ता आधी काठीने बघावा, ओले ब्रेक हळूहळू दाबत सुकवावेत. मी जन्मात बैलगाडीपलीकडे काही हाकलेलं नाही, हे तुला माहीत आहे. त्याला नव्हतं.

तोवर बायकांनी चूल ताब्यात घेतली. हळदीच्या डब्यात साखर निघाली म्हणून नवरदेवाची आत्या, धुरपदाबाई, मला फार बोलली. बन्सी, इतकं बरं वाटलं. दोन वर्षांत माझ्यावर कोणी रागावलं नव्हतं. पंगतीला ताटं कमी पडली, तर मी या वयात केळीची पानं आणायला पळालो. (वादळाने तेवढी सोय करून ठेवली होती.)

सकाळी झाडता झाडता धुरपदाबाई दारामागे थांबली. "आबा, कुऱ्हाड तं आठेच शे," म्हणाली. पण तिने आधी सगळ्यांना चहा दिला, मला दोनदा दिला, आणि मग ड्रायव्हरला हाक मारून कुऱ्हाड सापडल्याचं सांगितलं. उन्हं चढायच्या आत निंब बाजूला झाला आणि जीप गेली. घर फार गप्प आहे रे.

तुझा,
जीवराम

ता. क. धुरपदाबाई सगळे डबे नीट लावून गेली. तेव्हापासून मला काहीच सापडत नाही.

ता. क. आणखी एक. रस्ता मोकळा झाल्यापासून इथे कोणी थांबत नाही. गाडी काढ आणि चार दिवस राहायला ये. काम काही नाही.