तारा बसेपर्यंत

मंगळवार, ५ नोव्हेंबर

महाशयांचा फोन आला. मला नाही, त्यांच्या आईला. रविवारी न्यायला येतायत म्हणे! स्वतः घर सोडून गेले त्याला चौदा महिने झाले, आईची आठवण आत्ता झाली. सासूबाई मला म्हणाल्या, "जाते बाई. तुला तरी किती दिवस अडकवू?" मी म्हणाले, "तुमची मर्जी." वा! काय पण बोलले. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

मग म्हणाल्या, जाण्याआधी एकदा गिटार नीट ऐकव, वर्षभर नुसती थपथप ऐकतेय. खरंच आहे. तारा बदलायचं खातं महाशयांकडे होतं. ते गेल्यापासून मी त्याच मेलेल्या तारांवर वाजवतेय.

बुधवार, ६

नायलॉनच्या तारांचा नवा संच आणला. जुन्या सहाच्या सहा तारा कात्रीने कापून टाकल्या. खटाखट! फार बरं वाटलं. त्यानंतर पाकिटावरची सूचना वाचली — एक काढा, एक लावा.

गुरुवार, ७

दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्यांचे मोहरीएवढे स्क्रू पिळते मी. म्हटलं, एक गाठ ती काय! तार खालच्या लाकडी पट्टीच्या भोकातून ओवली, वेढा दिला, खुंटी पिळत गेले, सूर चढतोय, चढतोय — फट्! गाठ सुटली आणि तारेचं टोक लाकडावर आपटलं. गिटारला कायमचा टोचा पडला. मी अशी काही शिवी हासडली की सासूबाई आतून धावत आल्या.

चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. चष्मा नाकावर ओढला आणि म्हणाल्या, "सरक. हे गुळगुळीत आहे, एका वेढ्याने काय होतंय? दोन घे, आणि शेपूट मागच्या कडेखाली दाब." सहा तारा, वीस मिनिटं! मी विचारलं, महाशयांनाही तुम्हीच शिकवलं होतं का? "मग? गाठ मारायला मी शिकवलं. सोडायला तो आपला आपण शिकला."

दोघी इतक्या हसलो की मला ठसका लागला. तेव्हाच म्हणायला हवं होतं, राहा म्हणून. म्हटलंच नाही.

शुक्रवार, ८

नव्या तारा ताणत राहतात. सकाळी लावलेला सूर चहा होईपर्यंत उतरतो. पाकीट म्हणतं, बसायला आठवडा लागेल. आणि रविवार परवावर आलाय!

कामावरून आले तर सासूबाई गिटार मांडीवर घेऊन खुंट्या पिळत बसलेल्या, समोर मोबाईलवर सूर जुळवायचं अ‍ॅप. काटा हिरवा झाला की खूश. "ही तिसरी मेली फार लबाड आहे गं. पाठ वळली की उतरते."

शनिवार, ९

वाजवलं. दोनदा चुकले, मध्येच तिसरी उतरली. सासूबाई डोळे मिटून बसलेल्या. मला वाटलं, रडतायत. झोपल्या होत्या! जाग आल्यावर म्हणाल्या, "छान झालं."

त्या जाऊ नयेत असं मला वाटतं. घ्या, लिहिलं! वहीला सांगता येतं. पलीकडच्या खोलीत त्या कपड्यांच्या घड्या घालतायत, त्यांना सांगायला तोंड उघडत नाही. कुठल्या हक्काने सांगू? मुलगा त्यांचा. मी तर आता कागदावर सूनसुद्धा नाही.

रविवार, १०

महाशय आले. चक्क वेळेवर! सासूबाई चपला घालून तयार, दाराशी बॅग. मी एवढंच म्हणाले, "पोचल्यावर फोन करा," आणि भिंतीकडे बघत राहिले. महाशयांनी जोर लावून बॅग उचलली आणि तोल जाऊन मागे गेले. चेन उघडून आत बघितलं.

"आई, ही तर रिकामी आहे!"

"भरायला वेळ कुठे मिळाला?" सासूबाईंनी चपला काढल्या. "तारा अजून रोज उतरतायत."