सात त्रिक

ती. बाबांस,

आज इमर्जन्सीत एका शिंप्याला शेजाऱ्यांनी आणलं. नाव विचारलं तर तोंडातून नुसतं त-त-प-प. "प्यायलाय," सिस्टर म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. मी सलाइन लावायला घेतलं. सुई टोचताना मी पाढे पुटपुटते, तुमचीच सवय. "सात त्रिक" म्हणून शीर शोधत थांबले, तर तो खणखणीत म्हणाला, "एकवीस!" आणि थेट सात दाहे सत्तरपर्यंत गेला. पुन्हा नाव विचारलं, तर पुन्हा त-त-प-प.

मी त्याला तसाच मेंदूच्या स्कॅनला नेलं. मेंदूत बोलण्याच्या जागी रक्ताची गाठ अडकली होती, पण लहानपणी घोकलेलं कुठेतरी शाबूत होतं! वेळेत औषध दिलं. संध्याकाळी त्यानं नाव सांगितलं.

बाबा, तुम्हाला पक्षाघाताचा झटका आला त्या दिवशी फोनवर तुम्हीही असंच बोलत होतात. "चेष्टा पुरे," म्हणून मी फोन ठेवला. हे दादाला अजून सांगितलेलं नाही. दोन वर्षं झाली, तुमचा शब्द कुणी ऐकलेला नाही.

हे पत्र टाकत नाही, तुम्हाला आता वाचताही येत नाही. रविवारी येते. समोर बसून "सात त्रिक" एवढंच म्हणेन आणि थांबेन.

तुमची,
पाढ्यांना रडणारी