वरचा सा

३ नोव्हेंबर, सोमवार

परीक्षेला चौतीस दिवस. यंदा पाच मुलं गाण्याच्या प्रवेशिका परीक्षेला बसवतोय. सगळ्यांचे घसे दिवाळीच्या चकल्यांनी बसलेले. सुजितला विचारलं, किती खाल्ल्यास? म्हणाला, मोजल्या नाहीत. प्रामाणिक पोरगा.

दिव्याने दुर्गा राग गायला. अकरा वर्षांची आहे, पण तालाला पक्की. तिचा बाप धनेश चाकणला एका कंपनीत पत्रा ठोकायच्या प्रेसवर आहे. मीही एकतीस वर्षं प्रेस शॉपच्या दणदणाटातच काढली, त्यामुळे त्याच्याशी गप्पा जमतात. शेवटी दिव्याने वरचा सा लावला, मी म्हटलं, वा!

सादिका माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बघायला लागली. काय झालं कळलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कळलं.

क्लास सुटल्यावर पेटीवर खोळ घालायच्या निमित्ताने सादिका मागे थांबली. बारा वर्षांची, जहीरभाईंची मुलगी. त्यांचं तळवडे रस्त्याला टू-व्हीलरचं गॅरेज आहे. खोळ घालून झाली तरी जाईना. मग म्हणाली, "सर, दिव्याचा वरचा सा खाली राहतो. रोजच राहतो. तुम्ही वा म्हणता."

मी म्हटलं, गाऊन दाखव. तिने आधी बरोबर लावला, मग मुद्दाम उतरवून लावला. मला दोन्ही सारखेच. पुन्हा गायला सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. लहान मुलाला घास भरवावा तशी शांतपणे गात राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो — हनुवटी हलतेय, गळ्याची शीर ताणली जातेय, आणि माझ्यापर्यंत पोचतोय तो नुसता एक धूसर आवाज. खालचे सूर स्वच्छ. वर गेलं की कापूस.

बरोबर आहे तुझं, एवढंच बोललो. ती चपला घालता घालता म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही."

मी तर काही सांगितलंच नव्हतं तिला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

माझी बायको सुमन वर्षभर म्हणतेय, टीव्हीचा आवाज शेजारच्या इमारतीत जातो. मी म्हणायचो, त्यांनाही बातम्या कळू देत. आज टीव्ही लावलाच नाही. तिने कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सादिकाशी करार केला. ती माझ्या डाव्या हाताला बसणार. कुणाचा सूर सुटला की वहीवर बोट ठेवणार. उतरला तर खाली, चढला तर वर.

चाललं! दिव्याला म्हटलं, वरचा सा पुन्हा, खाली राहतोय. तिने डोळे मोठे केले. आजवर तिला कुणी असं बोललंच नव्हतं — म्हणजे मीच बोललो नव्हतो. सात वेळा घेतला. आठव्यांदा सादिकाचं बोट वहीवरून उठलं.

पण मधेच सादिकाने वहीवरचा मुंगळा बोटाने ढकलला आणि मी सुजितवर ओरडलो, चढतोयस! सुजित म्हणाला, सर, मी अजून सुरूच नाही केलं. सगळी पोरं हसली. मीही हसलो. पण परीक्षेच्या खोलीत या मुलांबरोबर बोट नसणार. आणि ही मुलगी तरी किती दिवस माझं खोटं सांभाळणार?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सुमनला सांगितलं. ती म्हणाली, चला. एवढंच. दुपारी चिंचवडला कानाच्या डॉक्टरांकडे.

काचेच्या केबिनमध्ये बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. जाड आवाज आले तेव्हा दाबलं, मग वाट बघत बसलो. बराच वेळ झाला. शेवटी बाईंनी दार उघडलं. मी म्हटलं, बारीक आवाज सुरू केलेत की सांगा. त्या म्हणाल्या, काका, संपलं.

बाहेर आल्यावर सुमन इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मग पदराने डोळे पुसले. हसून आलेलं पाणी होतं की दुसरं, विचारलं नाही.

डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली — सरळ चालत येते आणि एकदम दरीत उतरते. विचारलं, काम काय करायचात? सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कानाचं मशीन डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिळेल. म्हणजे परीक्षा आधी, कान नंतर.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज घरीच सराव परीक्षा. पाचही मुलांचे आईबाप बोलावले. खुर्च्या वरच्या मजल्यावरच्यांच्या, पोहे सुमनचे. मुलं बरी गायली. सादिका तर फारच. तिची अम्मी गुलशन ओढणी तोंडाशी धरून ऐकत होती.

पोहे संपायच्या आत उभा राहिलो, नाहीतर धीर गेला असता. सांगून टाकलं: मला वरचे सूर नीट ऐकू येत नाहीत. बहुतेक दोन-तीन वर्षं असं आहे. मलाच कळलं नव्हतं, आणि कळल्यावरही पंधरा दिवस लपवलं. त्या पंधरा दिवसांत तुमच्या मुलांचे सूर सादिकाने तपासले. मशीन येणार आहे. तोवर कुणाला दुसरीकडे न्यायचं असेल तर जरूर न्या, मी आजवरचं शिकवलेलं लिहून देतो.

सादिकाचे कान लाल झालेले.

जहीरभाई म्हणाले, "सर, गाडीची खराबी मी आवाजावरून पकडतो. पण हल्लीच्या गाड्यांना मशीन लावावंच लागतं. त्यात शरमायचं काय?" मग लेकीकडे वळून म्हणाले, "आणि तू घरी बोलली नाहीस एक शब्द?" ती म्हणाली, सरांना वचन दिलं होतं.

धनेश सगळ्यात शेवटी उठला. दाराशी येऊन त्याने खिशातून कानात घालायचे प्लग काढले, नारिंगी, दोरीवाले. कंपनी देते म्हणाला. कोरे करकरीत होते. खिशातच असतात, म्हणाला. दिव्या शेजारी उभी होती. तिने ते त्याच्या हातातून घेतले, दोरी त्याच्या गळ्यात अडकवली आणि म्हणाली, "उद्यापासून."

मी आत जाऊन पाणी प्यायलो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी एका आईचा फोन. मुलाला दुसरा क्लास लावतायत. राग नाही आला. थोडा आला. त्याचं सगळं नीट लिहून पाठवलं, राग, ताल, कच्च्या जागा.

चार राहिले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आता लपवायचं काही नाही म्हणून नवी रीत काढली. एक गातो, तिघं ऐकतात, आणि चूक तेच सांगतात. मी फक्त विचारतो — कुठे, किती, कशी नीट करशील? सुजितने दिव्याची एक जागा अशी अचूक पकडली की दिव्या अर्धा तास त्याच्याशी बोलली नाही. मग तिने त्याच्या दोन पकडल्या.

सत्तावीस वर्षं, आधी नोकरी सांभाळून, मुलांना गायला शिकवलं. ऐकायला शिकवायचं राहूनच गेलं होतं.

७ डिसेंबर, रविवार

परीक्षा! सकाळी आठला चिंचवडच्या शाळेत. थंडी चांगलीच. जहीरभाईंनी गॅरेज बंद ठेवून चौघांना रिक्षाने आणलं. धनेश रात्रपाळी करून थेट आला होता, गळ्यात नारिंगी दोरी.

सुजित पहिला. बाहेर येऊन म्हणाला, बरं गेलं, पण झपतालात एकदा दहाच्या अकरा मात्रा झाल्या. परीक्षक हसले म्हणे.

मग दिव्या. गुरुजनांना आत सोडत नाहीत. सादिका बंद दाराला कान लावून उभी, मी तिच्यासमोर. मला आतलं काहीच कळत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरूनच ऐकत होतो. आलाप — चेहरा शांत. बंदिश — मान डोलतेय. ताना — भुवया वर, मग परत जागेवर. आणि मग तिने श्वास धरला. मीही धरला. धनेशला काय चाललंय कळेना, तरी त्यानेही धरला असावा.

सादिकाने दोन्ही हात वर केले.

धनेशने मला मिठी मारली. अंगाला कंपनीच्या तेलाचा वास. मला तो वास फार ओळखीचा.

सादिका सगळ्यात शेवटी गेली. तिच्या वेळी दाराशी कुणी उभं राहिलं नाही. गरज नव्हती.

८ डिसेंबर, सोमवार

क्लासला सुट्टी. चौघंही आले. सवय म्हणे.

१३ डिसेंबर, शनिवार

मशीन मिळालं. दुपारपासून कानात आहे. पंखा कुरकुरतो, कागद खसखसतो, माझ्या चपला वाजतात. घर इतकं बोलतं हे माहीत नव्हतं.

संध्याकाळी आतून दुर्गा ऐकू आला. अगदी बारीक, ओठांतल्या ओठांत. वाटलं, सादिका लवकर आली. उठून पाहिलं.

सुमन. पाठमोरी, परातीत भाकरी थापत. पूर्ण बंदिश, तानांसकट. मी भिंतीच्या या बाजूला शिकवलेली प्रत्येक जागा, आणि एकही सूर इकडचा तिकडे नाही.

आवाज न करता मागे आलो. पेटी उघडली आणि सुमनचा सा धरला. आतलं गाणं थांबलं. भाकरीही थांबली.

मी सा सोडला नाही. थोड्या वेळाने ती पुढे गायला लागली — मोठ्याने.