चार नंबरचं झाकण

वसंता, बाळा,

सवयीनं हात 'चि.' लिहायला गेला आणि तिथंच थांबला. आता ते तुझ्या नावाआधी कसं लिहू? नुसतं नाव लिहिलंय. चालवून घे.

आज खंडेनवमी. सकाळी आंघोळ करून पणजोबांची तलवार पूजेसाठी काढायला गेलो, तर ती म्यानातून निघेचना! आईनं म्यान धरलं, मी मूठ ओढली, दोघांनी जोर लावला. काही उपयोग नाही. आत गंज धरलाय. नवमीच्या आधी आठ दिवस ती खाली काढायची, रॉकेलनं पुसायची, राखेनं घासायची, तेलाचा हात द्यायचा, हे सगळं तूच करायचास ना! या वर्षी ते घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आई म्हणाली, "राहू द्या हो. म्यानासकट पूजा करा."

मी तिथंच पाटावर बसलो. म्यानासकट पूजा! गेल्या नवमीला मी तुला हेच करायला लावलं होतं. म्हणून आज लिहायला बसलोय. पत्र पोचणार नाही हे मलाही कळतं. पण तुझ्याशी बोलल्याशिवाय आजचा दिवस मला ढकलता येणार नाही.

तुला एक माहीत नाही. तू गेल्यावर महिनाभरानं आईनं मला विचारलं, "अहो, हे बेअरिंग म्हणजे नेमकं काय असतं?" आयुष्यभर फिटरच्या घरात राहिली, पण कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, छताखालून एक लांब लोखंडी शाफ्ट फिरतो, त्याच्यावरून पट्टे खाली येतात आणि माग चालवतात. त्या शाफ्टला जागोजागी पेलून धरतं ते बेअरिंग. आत मऊ धातूचं अस्तर असतं, ते झिजलं की शाफ्ट घासतो, तापतो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे ते झिजलेलं आधी कळतं?"

काय सांगू मी तिला, वसंता? कळतं. तुला कळलं होतं.

तू शिकून मिलमध्ये आलास तेव्हा मी सगळ्यांना छाती फुगवून सांगत फिरलो. महाराजांच्या पागेतलं आपलं घराणं, राज्य गेलं, मध्यभारत झालं, आता आपली पागा म्हणजे हे शाफ्ट आणि हे माग, असं मी म्हणायचो आणि तू हसायचास. पण तुझ्या खिशात खडू बघितला आणि माझं डोकं फिरलं. प्रत्येक बेअरिंगवर खडूनं तारीख! कधी उघडलं, कधी तेल बदललं, कुठलं जास्त तापतं. मी म्हणालो, "अरे, तू फिटर आहेस की शाळामास्तर?"

तू चिडला नाहीस. तू कधी चिडायचास? "आबा, मोडल्यावर तर कुणीही पळत येतं. ते मोडूच नये असं काही करू या ना."

खरं सांगू? आज सांगायलाच हवं. तुझ्या खडूमुळं खात्यातली बोंब कमी झाली होती. मला दिसत होतं ते! आधी दर दोन-चार दिवसांनी कुठं तरी खट्ट व्हायचं, सगळे "मास्टरजी, मास्टरजी" करत पळत यायचे, मी बाह्या सरसावून जायचो, तासाभरात चालू करून द्यायचो आणि साहेब पाठ थोपटायचे. न मोडलेल्या मशीनसाठी कोण कुणाची पाठ थोपटतो? मला कुणी हाक मारेनासं झालं आणि ते मला लागलं. पोटच्या पोराचा हेवा वाटला मला. लाज वाटते लिहायला, पण लिहितो.

मग आली गेल्या वर्षाची नवमी. चार नंबरचं बेअरिंग तुला आवडत नव्हतं. हात लावलास की म्हणायचास, "आबा, याला ताप आहे." सियागंजातून शिशाची बारीक तार आणलीस, रविवारी झाकण उघडून ती आत दाबून बघितलीस आणि मला दाखवलीस. किती झीज झाली ते त्या चपट्या तारेवरून मलाही दिसलं. पण अस्तर नव्यानं ओतायचं, खरवडून बसवायचं म्हणजे सलग दोन दिवस हवेत, आणि आपली मिल सलग दोन दिवस थांबते ती नवमी-दसऱ्याला, नाहीतर दिवाळीला.

तू म्हणालास, नवमीला सकाळी उघडतो.

मी म्हणालो, नवमीला शस्त्राला हात लावायचा नसतो. पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला विश्रांती. हे घराण्याचं आहे, यात बदल नाही.

"मग पूजा उद्या करू, आबा. दुरुस्त झाल्यावर."

"मुहूर्त तुझ्यासाठी थांबणार आहे का?"

तेव्हा तू ते बोललास. "आबा, घरची तलवार आपण म्यानातून काढतो, गंज काढतो, तेल लावतो, मग पुजतो ना? मग चार नंबरचं झाकण नुसतं कुंकू लावून बंदच का ठेवायचं?"

उत्तर नसलं की बाप काय करतो? आवाज चढवतो. चार माणसांसमोर म्हणालो, "हेड फिटर मी आहे. दिवाळीला वीस दिवस आहेत. वीस दिवसांत काय आभाळ कोसळतंय?" आणि वरून, सगळं खातं रॉकेलनं पुसून घ्यायला लावलं. तुझ्या खुणांसकट. देवाच्या अंगावर गिरगटायचं नाही म्हणे!

तू ऐकलंस. का ऐकलंस रे? एकदा तरी माझा शब्द मोडायचास! बाकीची पोरं बापाला जुमानत नाहीत, तुलाच कुठून एवढी आज्ञाधारक बुद्धी झाली?

दुसऱ्या दिवशी दसरा. तू माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलंस, "सोनं घ्या, आबा," म्हणून वाकलास. मी अजून घुश्शात होतो. पान खिशात टाकलं आणि तोंडानं आशीर्वाद दिला नाही. मनात दिला होता, देवाशपथ दिला होता. पण तुला तो ऐकू आला का?

वसुबारसेच्या आदल्या दिवशी दुपारी मी फिटिंग-शॉपमध्ये कानस चालवत होतो. बेअरिंगांना तेल घालणारा आपला बद्रीलाल ओरडत आला, "मास्टरजी, चार नंबर धुआँ दे रिया है! वसंत भिया ऊपर चढ़ गए!" मी धावलो. नंतर बद्रीनंच सांगितलं, तू आधी इंजिन थांबवायला माणूस पिटाळलास, मग शिडीवरून ओरडून ओरडून खालच्या सगळ्या विणकरांना बाहेर काढलंस. शेवटचा माणूस बाहेर पडला तेव्हा शाफ्ट अडकला आणि पट्टा तुटून तुला लागला. मी पोचलो तेव्हा तू खाली होतास. बारा माणसं दारात उभी होती, सगळी धडधाकट. आणि वीस दिवसांतले दोन-तीनच उरले होते.

मला कुणी काही म्हणालं नाही. आईसुद्धा नाही. कुणी तरी म्हणायला हवं होतं.

आज सकाळी त्या गंजलेल्या म्यानात रॉकेल ओतलं, तसंच भिजत ठेवलं आणि मिलमध्ये गेलो. सगळी तयारी झाली होती. झेंडूच्या माळा, नारळ, विणकरांची बायकापोरं नवे कपडे घालून आलेली, साहेब तुकोगंजातल्या बंगल्यावरून सहकुटुंब आलेले. सगळ्यांसमोर मी झाकणं उघडायला पान्हा मागितला. भटजी बघतच राहिले.

साहेब म्हणाले, "मास्टरजी, मुहूरत निकल जाएगा."

मी म्हणालो, "निकलने दो, साब. पिछले साल मुहूरत पकड़ा था. लड़का निकल गया."

बद्रीनं शिडी लावली आणि स्वतः धरून उभा राहिला. मी एकेक झाकण उघडत गेलो. नट ओळखीचे होते. सात नंबर उघडलं, वसंता, आणि आत बोट फिरवलं. अस्तर कागदासारखं झालं होतं! दिवाळीपर्यंत टिकलं असतं का? त्याच्याखाली बद्रीचा जावई माग चालवतो.

सात नंबर उघडंच ठेवलं आणि त्या उघड्या बेअरिंगला हळदकुंकू वाहिलं. भटजींनीही मुकाट्यानं मंत्र म्हटले. सगळ्यात शेवटी चार नंबरकडं गेलो. बेअरिंग आता नवं आहे, पण भिंत तीच. ते पेलणाऱ्या लोखंडी ब्रॅकेटच्या मागं भिंतीवर, जिथं गेल्या वर्षी फडकं पोचलं नव्हतं, तिथं तुझं अक्षर होतं. खडूचं, धुरकटलेलं, पण तुझंच.

'नं. ४. नवमीला उघडणे. आबांना विचारून.'

आबांना विचारून! शिडीवरच रडलो रे. खाली सगळी मिल उभी होती, साहेब उभे होते, आणि हेड फिटर शिडीला मिठी मारून रडत होता. बद्री खालून म्हणाला, "रो लो मास्टरजी, मैं पकड़ के खड़ा हूँ."

आता दुपार टळलीय. सात नंबरचं अस्तर ओतून झालं, उद्या दसऱ्याला खरवडून बसवायचं. आयुष्यात पहिल्यांदा दसरा मैदानावर जाणार नाही. उद्या आपट्याचं पान आधी तुझ्या त्या अक्षराखाली ठेवीन आणि गेल्या वर्षी गिळलेला आशीर्वाद मोठ्यानं म्हणीन. मग पान्ह्याला हात लावीन.

आणि ऐक. मी असेपर्यंत दर नवमीला आधी झाकणं उघडतील, मग कुंकू. खडू आता माझ्या खिशात असतो. आज सगळ्या बेअरिंगांवर मी माझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात तारखा घातल्या, हसू नकोस. फक्त चार नंबरच्या मागं काही लिहिलं नाही आणि कुणाला फडकं लावू देणार नाही. तिथं तू मला विचारून ठेवलंयस. वर्ष लागलं मला उत्तर द्यायला.

उघड, बाळा. उघड.

तुझा,
आबा