घोटभर वेळ

सर,

आज सकाळी पुन्हा तुमचा राग आला. यावा असं काही घडलं नव्हतं. घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम अडकला, मी चालू कामांची यादी मागवली, त्याचा नंबर शोधला, साधा किल, म्हणजे बंद हो असा हुकूम, दिला आणि हात आपोआप चहाच्या कपाकडे गेला. एक घोट घेतला आणि मगच स्क्रीनकडे पाहिलं. ही सवय तुमची. तुमच्याशी बोलणं सोडलं, ती कंपनी सोडली, अंधेरीला जायचंसुद्धा टाळत आले, पण ही सवय काही सुटली नाही. तुम्हाला जाऊनही आता जमाना झाला. गेलेल्या माणसावर रागावून काय मिळतं, असं घरचे म्हणतील, म्हणून त्यांना न सांगता तुम्हालाच सांगते आहे.

अंधेरी पूर्वेचा तो गाळा. खाली प्लास्टिकचे डबे बनायचे आणि त्यांचा जळका वास जिन्यावरून आमच्याबरोबर वर यायचा. वर मात्र एसी, चपला दाराबाहेर, आणि आत सगळ्यांत मिळून एकच मशीन. आम्हा सगळ्यांचे टर्मिनल त्यालाच जोडलेले, त्यामुळे एकाचं काम जड झालं की बाकीच्यांची वाट लागायची. मी पंचिंगला होते. औषधांच्या दुकानांची बिलं दिवसभर टाइप करायची, एवढंच काम. बाबांची गिरणी बंद पडली होती आणि घाटकोपरचं घर माझ्या पगारावर चाललं होतं. त्या खोलीत प्रोग्रामरच्या खुर्चीत एकही मुलगी बसत नव्हती. एके दिवशी तुम्ही मागे येऊन उभे राहिलात नि म्हणालात, "अगो, नुसतं टाइप काय करतेस? हे चालतं कसं ते बघायचंय का?" मला बघायचं होतं. फार बघायचं होतं, सर.

पहिल्याच आठवड्यात मी तुमची चांगली करमणूक केली. तुम्ही सांगितलं होतंत की पीएस लिहिलं की मशीनवर चालू असलेलं प्रत्येक काम दिसतं: कोणाचं आहे त्याचं नाव, कामाचा नंबर, आणि त्यानं आतापर्यंत मशीनचा किती वेळ खाल्ला ते. यादी लांबलचक, म्हणून पुढे ग्रेप लावून हवा तो शब्द शोधायचा. मी माझा प्रोग्राम शोधला. एक ओळ आली. तिच्या नंबरला किल दिला, तर मशीन म्हणतंय असं काही चालूच नाही. पुन्हा शोधलं, पुन्हा एक ओळ, नंबर वेगळाच. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत मी त्या ओळीच्या मागे लागले होते आणि ती काही केल्या मरत नव्हती. तुम्ही चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसलात. "अगो बाय, ती तूच आहेस! तुझा प्रोग्राम कधीच संपलाय. तू शोधतेस ना, ते शोधणंपण यादीत येतं!" मग मीही हसले, आणि डबा तसाच राहिला.

झापलंतही तुम्हीच. मी कोणाचं तरी अडकलेलं काम थेट नऊ नंबरच्या किलने मारलं होतं, तेव्हा सगळ्यांसमोर. "नाव दिसतंय ना समोर? तो माणूस याच खोलीत बसलाय ना? मग ऊठ, जा, विचार त्याला, बंद करू का. आणि नऊ कशाला लगेच? आधी साधा किल दे. तो प्रोग्रामला सांगतो, बाबा रे, निघायचंय, आवर. मग तो फायली नीट बंद करतो नि जातो. नऊ दिलास की त्याला काही कळतच नाही, हातातलं तसंच पडतं." मी विचारलं, मग थांबायचं किती. तुम्ही कप उचललात. "एक घोट. घाई न करता. तरी हलला नाही, तरच नऊ." मी मान खाली घालून ऐकत होते आणि मला तुमचा अभिमान वाटत होता. असं काळजीनं काम करणारं माणूस मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

म्हणून तर माझ्या पहिल्या मोठ्या प्रोग्राममध्ये मी ते आवरणं लिहिलं. औषध कंपनीच्या महिन्याच्या स्टॉकचा प्रोग्राम. तो नीट चालला तर तुम्ही डायरेक्टरसाहेबांकडे माझ्या खुर्चीचं बोलणार होतात. सगळे घरी गेले की मी थांबायचे. साधा किल आला की माझा प्रोग्राम हातातली नोंद पूर्ण करायचा, फायली बंद करायचा, आणि जाताना स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत एक शब्द लिहायचा: आवरले. तुम्ही स्वतः तपासलंत. किल दिलात, घोट घेतलात, शब्द उमटला. "झकास! तुझा प्रोग्राम घर आवरून, कुलूप लावून निघतो गं!" मी आईला तेच वाक्य तसंच्या तसं सांगितलं. तिला काही समजलं नाही, पण तिने शेजारणीला सांगितलं.

आणि मग ती दुपार. डायरेक्टरसाहेब पाहुणे घेऊन आले. त्यांना दुसरंच काहीतरी दाखवायचं होतं आणि मशीन रडतखडत चाललं होतं, कारण माझा प्रोग्राम सकाळपासून चालू होता. मी मधून मधून यादी बघत होते. त्याने खाल्लेला वेळ वाढत होता, म्हणजे काम पुढे सरकत होतं. साहेब तुमच्या कानाशी म्हणाले, "करा ना काहीतरी." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला होतात. नुसतं विचारलं असतंत, तर मीच बंद केला असता. मान वळवली असतीत तरी पुरे होतं. तुम्ही उठला नाहीत, वळला नाहीत. माझ्या स्क्रीनवर मशीनचा एक शब्द आला, किल्ड. आवरले आलंच नाही, त्यावरून कळलं की नऊ दिलात. तुमच्या कपातल्या चहावर साय धरली होती.

स्टॉकची फाईल अर्धवट लिहिलेली पडली, महिन्याचं काम फुकट. पाहुणे गेल्यावर साहेबांनी विचारलं, हे कसं झालं. तुम्ही स्क्रीनकडे बघत म्हणालात, "तिचा प्रोग्राम लटकला होता, सर. मारायलाच लागला." मी तिथेच उभी होते. संध्याकाळी दाराबाहेर, चपलांच्या ढिगाऱ्यात, मी तुम्हाला गाठलं. "सर, वेळ वाढत होता. तुम्हीपण बघितलात." तुम्ही पायाने चप्पल शोधत म्हणालात, "झालं ते झालं गं. पाहुणे बसलेले ना. पुढच्या वेळी बघू."

कसली पुढची वेळ? ती खुर्ची दुसऱ्या कोणाला गेली आणि मी पुन्हा बिलं टाइप करायला लागले. जिचा प्रोग्राम लटकला ती मुलगी, हीच माझी ओळख. शेवटी मुलुंडच्या एका कंपनीत गेले, तिथेही पंचिंगपासूनच सुरुवात, आणि प्रोग्रामरची खुर्ची मिळेपर्यंत चांगली वर्षं गेली. साहेबांचा मला राग नाही. त्यांना साधा किल आणि नऊ यांतला फरक माहीतच नव्हता. तुम्हाला होता. मला झापून झापून तुम्हीच तो शिकवला होतात, आणि एका डेमोसाठी माझं काम मारलंत, वर खोटं बोललात. भित्रे होता तुम्ही, सर. त्याहून चीड याची येते की तुमच्या त्या एका वाक्यामुळे मी त्या प्रोग्रामचे कागद पुन्हा पुन्हा काढून त्यातली चूक शोधत बसायचे. चूक नव्हतीच. पहिल्या आठवड्यात झालं तसंच, शोधणारी मीच तेवढी सापडायचे.

तुम्ही गेल्याचं फोनवर कळलं. "झटक्यात गेले, त्रास झाला नाही," असं सांगणारा म्हणाला. मी रिसीव्हर ठेवला आणि रडण्याऐवजी भडकले, की न बोलताच कसे गेलात.

हे पत्र मी पाठवणार नाही. मालाडच्या घरी तुमच्या मिसेस असतील, त्यांच्या हाती हे देऊन काय करू? राग अजून आहे, तो जावा असं काही मला वाटत नाही. पण एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. तुम्ही जायच्या आधीच्या वर्षी मालाडच्या बाजारात, मासळीवाल्यांपाशी, आपण समोरासमोर आलो होतो. तुम्ही फक्त "कशी आहेस" विचारलंत आणि गेलात, असं मी घरी सांगितलं. तसं नव्हतं. तुम्ही पिशवी खाली ठेवलीत, म्हणालात, "त्या दिवशी मी..." आणि अडकलात. मी म्हटलं, "उशीर होतोय, सर," आणि चालू लागले. मला कसलाही उशीर होत नव्हता. तुम्हाला थोडाच वेळ हवा होता, एक घोटभर, आणि तेवढंही मी थांबले नाही.